गोदामातल्या एक नंबर घराची भिंत

सोसायटीच्या सोडतीत गयाबाई कापगतेच्या नावाची चिठ्ठी उघडली आणि आत एक नंबरचं घर निघालं, तेव्हा जमलेल्या बायकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिच्या माहेरून काही वाईट खबर आली आहे. एक नंबर म्हणजे तळमजला, उत्तरेचा कोपरा. सूर्यनारायण तिथे पाहुण्यासारखा यायचा आणि चहा न घेताच जायचा. ताराबाई वैरागडे जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "बदलून मागा गयाबाई. मी सांगते यांना."

"कावून बदलू, बाप्पा?" गयाबाई म्हणाली. "देवानं हात घालून काढून देल्लं. मी काय त्याच्याहून शहाणी हावो?"

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. भिलाईत कारखान्यातल्या माणसाचं सगळंच कारखान्याचं असे. राहायला सेक्टरमधलं क्वार्टर, दुखलं-खुपलं तर कारखान्याचा दवाखाना, पोरांना कारखान्याची शाळा. पण अठ्ठावन्न वर्षं भरली की हार घालून घेऊन घरी यायचं आणि क्वार्टरची चावी परत करायची. गयाबाईनं एकाच क्वार्टरमध्ये बावीस वर्षं काढली होती. अंगणात पेरू लावला, तुळस लावली, लेक रंभाचं लग्न त्याच अंगणात लावून तिला कुम्हारीला सासरी धाडलं. पण ते अंगण आपलं नाही, हे तिला दर दिवाळीला भिंतींना पांढरी मारताना आठवायचं. गावाकडे साकोलीजवळ रामाजींच्या वाट्याला होती ती घराची पडवी, तीही धाकट्या दिराच्या, तेजरामच्या, बैलांसोबत. रामाजी तिचे यजमान. जूनअखेर ते रिटायर होणार होते आणि ऑगस्टअखेर क्वार्टर सोडायचं होतं.

तेव्हा ताराबाईंचे यजमान बाबाराव वैरागडे यांनी पुढाकार घेतला. बाबाराव टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते, आदल्याच वर्षी रिटायर झाले होते. माणूस सरळ, थोडा हुकमी. त्यांनी भंडारा-नागपूरकडच्या वीस घरांची सोसायटी केली आणि कोहक्याच्या वाटेवरचं एक जुनं गोदाम घेतलं.

कारखाना यायच्या कितीतरी आधी कुण्या मालगुजारानं ते धान ठेवायला बांधलं होतं. सव्वाशे हात लांब, भिंती दोन हात जाड, पक्क्या विटा आणि चुना. जोतं छातीएवढं उंच, कारण बैलगाडी मागे लावली की गाडीची पाठ आणि ओटा एका पातळीत यावेत. पोतं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. आत विटांच्या चार कमानी, वर छपराला सागाच्या कैच्या, त्यांवर मातीची कवेलू. आणि एक गंमत होती. भिंतीच्या अगदी पायाशी, आतल्या जमिनीपासून वीतभर उंचीवर, दर चार पावलांवर हातभर रुंद झरोके. तसेच झरोके वर छपराखाली. खालून गार वारा आत शिरायचा, धानाची ऊब घेऊन वरून बाहेर पडायचा. बांधणाऱ्यानं काही पुस्तक वाचलं नसेल, पण धान कुजू नये एवढं त्याला कळत होतं.

बाबारावांचा मुलगा विजयकुमार डिप्लोमा झालेला, कारखान्यातच नोकरीला. नकाशा त्यानं काढला. एवढ्या उंच गोदामात मधे लोखंडी गर्डर टाकून माळा काढला. खाली दहा घरं, वर दहा. गाड्या लागायच्या तो लांब ओटा सगळ्यांचा व्हरांडा झाला. कमानी त्यानं मोडल्या नाहीत, त्यांच्याखालून जिने नेले. पोराचं काम नीट होतं, खोटं कशाला बोला. गर्डर तर असे बसवले, की वर दहा बायकांनी उखळात मसाला कुटला तरी खाली पाण्याचा पेला हलू नये.

अडलं ते भिंतींवर. जुना चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता. ओट्यावर सभा भरली. विजयकुमारनं सांगितलं, की आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करू आणि खालचे झरोके बुजवून टाकू.

"झरोके राहू दे ना, बाबू," गयाबाई मागून म्हणाली. "आन् भिंतीले सिमेंट नोको लावू. हे चुन्याची भिंत हाये. जमिनीतली वल वर चढते तिच्यातून, आन् बाहेर जाते. सिमेंट लावलं का वल कोंडून राह्यते."

सगळे वळून पाहू लागले. गयाबाई सभेत बोलत नसे. रामाजींनी खाली मान घातली.

"काकू," विजयकुमार हसून म्हणाला, "पूरा प्लांट सिमेंट पे खडा है. एवढी मोठी भट्टी उभी आहे, तिथे नाही ओल कोंडत. और झरोके खुले रखे तो साप आएगा अंदर, फिर आपही चिल्लाओगी."

"सापाले जाळी लावता येते. वलीले जाळी नाही लावता येत."

कोणीतरी खुसखुसलं. बाबाराव म्हणाले, "वहिनी, तुमचं मन राखलं असतं. पण सोसायटी म्हटली की सगळं एकसारखं पाहिजे. वीस घरं, वीस तऱ्हा, असं चालत नाही. ज्याला पटत नसेल त्यानं घर सोडावं. मागे सहा नावं थांबून आहेत."

ते रागानं बोलले नव्हते, नियम सांगितला होता.

घरी जाताना रामाजी सायकल हातात धरून चालत होते. वळणावर थांबले. मग म्हणाले, "तुले काय गरज होती व? आपन मिलमधी तेल घालनारे खलाशी मानूस. ते शिकले-सवरले."

"मी का चूक बोलली?"

"चूक-बरोबर मले काय समजते? मी मशिनीचा मानूस. पन लोक हासले ना."

"हासू द्या. हासल्यानं भोकं पडते का आंगाले?"

गयाबाईचं बोलणं हवेतलं नव्हतं. तिचं माहेर कोहळ्यांचं. भंडाऱ्याकडे गावोगाव तलाव बांधणारी ही जात; पाणी कुठून झिरपेल आणि कुठे थांबेल हे त्यांना न सांगता कळतं असं म्हणतात. तिचा बाप तलावाच्या दगडी तोंडाची डागडुजी करायचा. चुन्यात विटांची भुकटी, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी घालून तो गिलावा करायचा आणि सात-आठ वर्षांची गया डोक्यावर घमेलं घेऊन त्याच्यामागे हिंडायची. पुढे अठ्ठावन्न साली नवऱ्याबरोबर भिलाईला आली, तेव्हा कारखाना उभा राहत होता. तिथेही ती घमेलं वाहणारी रेजा म्हणूनच लागली आणि पाच वर्षं तिनं डोक्यावरून सिमेंट वाहिलं. चुना आणि सिमेंट, दोघांचंही वजन तिच्या मानेला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून ती तडक बाबारावांकडे गेली. दारातच म्हणाली, "भाऊजी, एक मागून राहिली. घर नाही सोडत, नियमही नाही मोडत. फक्त माह्या घराचा गिलावा पोळ्यापर्यंत मले करू द्या. माह्या हातानं. पोळ्याले तुमी पाहा. तुमाले नाही पटलं तं लावा सिमेंट. मी सोता घमेलं वाहून देईन."

बाबाराव विचारात पडले. आतून ताराबाई म्हणाल्या, "द्या ना हो. पोळ्यापर्यंत काय भिंत पळून जाते?"

"बरं, पोळ्यापर्यंत," बाबाराव म्हणाले.

घरी रामाजींनी आपलीही एक अट घातली. "तेजरामले लिवतो, पोळ्यानंतर सामान न्याले ये. भिंत राह्यली तं राहू. नाही तं गावाले. लोकाइचं हासनं ऐकत म्या नाही राहत तिथं."

म्हणजे आता भिंतीवर सगळंच टांगलं होतं. भिंत उभी तर घर, नाही तर दिराची पडवी.

चैत्र संपता संपता गयाबाईनं काम धरलं. चुन्याचे खडे आणून टाकीत विझवले. चार दिवस पाण्यात ठेवले. बेलफळं वाटली, विटा कुटून चाळल्या. रंभा कुम्हारीहून बसनं येऊन दोन दिवस मदत करून गेली. जुना गिलावा खरवडून, विटा धुऊन, गयाबाईनं स्वतःच्या हातानं थापी फिरवली. आठव्या दिवशी भिंत अशी गुळगुळीत झाली की तिलाच हात फिरवत राहावंसं वाटे.

बाराव्या दिवशी भिंत फुटायला लागली.

आधी ज्वारीच्या लाहीएवढा एक टवका उडाला. मग दुसरा. आठवडाभरात सगळी भिंत देवी आल्यासारखी खड्ड्या-खड्ड्यांची झाली. माळ्यावरच्या घरांत गिलावा करणारे कामगारसुद्धा जिन्यातून डोकावून जाऊ लागले. विजयकुमार आला, पाहिलं, आणि भला पोरगा तो, हसला नाही. "काकू, रहने दो अब. मी उद्या सिमेंटवाल्याला सांगतो, तुमचं पहिलं करून देतो."

"पोळ्यापर्यंत," गयाबाई म्हणाली. खाली पडलेले टवके ती झाडून काढू लागली.

त्या दिवशी ती घरी जाऊन देवापुढे बसली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "माहं कुठं चुकलं, एवढं सांग. बाकी मी पाह्यतो." म्हणाली आणि उठून भाकरी टाकू लागली. भाकरी थापताना तिला आठवलं, की जामुलच्या पलीकडे लहानू नावाचा एक म्हातारा चुना भाजायचा. भंडाऱ्याकडचाच. असेल की गेला, देव जाणे.

होता. झोपडीपुढे बाजेवर बसून काडीनं दात कोरत होता. भट्टीवर गवत वाढलं होतं. गयाबाईनं सगळी हकीकत सांगितली. लहानूनं काडी बाजूला ठेवली.

"चुना किती दिवस मुरवला?"

"चार दिवस. माहा बाप खड्डा उघडे आन् चुना काढे. म्या डोयानं पाह्यलं."

"उघडताना पाह्यला. भरताना पाह्यला का?"

गयाबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"तुह्या बापानं तो खड्डा आदल्या साली भरला असन, माय," लहानू म्हणाला. "चुना म्हंजे का चहा हाये, टाकला आन् उकळला? त्याच्या पोटातला आखरी खडा जिरेपर्यंत ठेवा लागते. न जिरलेला खडा भिंतीत जाऊन जिरते. जिरला का फुगते, फुगला का फुटते. तू डोक्यावर घमेलं वाह्यलं, पन खड्डा कधी भरला ते तुले कोनी सांगतलंच नाही."

तिनं कपाळाला हात लावला आणि मग तिला हसूच आलं. इतकी वर्षं ती अर्धीच विद्या पूर्ण समजून बाळगत होती. "आता का करू, बाबा? वरीसभर कुठून आनू? पोळा तीन महिन्यावर आला."

लहानू उठला. झोपडीमागे ओल्या वाळूचा ढीग होता. त्यानं फावड्यानं वाळू सारली. खाली लोण्यासारखा पांढरा शुभ्र चुना होता. "दीड सालाचा हाये. सिमेंट आलं, कोनी घेतच नाही. मनलं ठेवू, मरायच्या आंधी कोनी इचारन. घेऊन जा."

चुन्याची बैलगाडी गोदामाच्या ओट्याला लागली. गाडीची पाठ आणि ओटा एका पातळीत आले. पोती आपोआप सरकून आत गेली. पन्नास वर्षांपूर्वी कुणी केलेली सोय गयाबाईच्या कामी आली.

या खेपेला रामाजींनी शिफ्टवरून आल्यावर सदरा खुंटीला टांगला आणि म्हणाले, "सांग. का वाहू?"

"तुमी? लोक हासतीन ना."

"हासून राह्यलेच हायेत. आता आनखी किती हासतीन?"

मग ती शिडीवर आणि ते खाली, असं चाललं. घमेलं द्यायला उशीर झाला की वरून, "अवो मिस्तरी वाट पाहून राह्यली," आणि खालून, "रेजाले बी बिडी पेऊ द्या जी!" जूनच्या मध्याला गिलावा पुरा झाला. झरोके उघडे ठेवले, सापासाठी जाळ्या लावल्या. ही भिंत फुटली नाही.

रामाजी रिटायर झाले. हार, घड्याळ, पेढे सगळं झालं. मग पाऊस लागून राहिला, चांगला दीड महिना. बाबारावांसह पाच-सहा घरं आधीच राहायला आली होती. बाकीची रिकामी, पण तयार. कोण कोणाच्या घराबद्दल काही बोलत नव्हतं. पण ताराबाईंनी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आहे, आणि खालच्याच रांगेतल्या शामरावांच्या घरातल्या गाद्या रोज ओट्यावर येतात, हे गयाबाईनं पाहून ठेवलं. बोलली मात्र नाही. दुसऱ्याच्या भिंतीला नाव ठेवून आपली भिंत उंच होत नाही, असं ती म्हणायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेजराम आला. धाकटा दीर. खांद्यावर सामान बांधायचा दोर, हातात वांग्यांनी भरलेली पिशवी. आल्या आल्या म्हणाला, "वयनी, पडवी सारवून ठेवली. बैलं तिकडच्या आंगाले बांधले. चाला."

"चहा घ्या आंधी," गयाबाई म्हणाली.

दुपारी चारला सभा भरली. बाबाराव गोदामाच्या टोकापासून निघाले. मागे विजयकुमार, मागे सगळे. एक नंबरमध्ये शिरले, भिंत पाहिली. पांढरी, नीट. बाबाराव म्हणाले, "भिंत चांगली आहे वहिनी, मान्य. पण खरं सांगू? बाकीच्या घरांच्याही भिंती चांगल्याच दिसतात. मग एकच घर वेगळं कशाला ठेवायचं?"

दिसायला खरंच सारख्या होत्या. सभेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी चुना-निळीचा हात मारून घेतला होता, पोळा म्हणून.

तेवढ्यात रामाजी पुढे आले. ते सभेत कधी बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात उलटा केला आणि हाताची पाठ भिंतीला लावली, पायाशी, मग कमरेएवढी, मग डोक्याएवढी. तिथे उभ्या प्रत्येकाला ती रीत ठाऊक होती. रोलिंग मिलमध्ये चालत्या मशिनीचं बेअरिंग तापलं की नाही, हे तेल घालणारा खलाशी असंच पाहतो. तळहात घट्टे पडून बहिरा झालेला असतो, पाठ खोटं सांगत नाही. अठ्ठावीस वर्षं रामाजींच्या हाताच्या पाठीवर मिल थांबली होती आणि चालली होती. त्यांनी "बंद करा" म्हटलं, की इंजिनिअरही वाद घालत नसे.

रामाजी दोन नंबरमध्ये गेले. हात लावला. तीनमध्ये गेले. लोक मागोमाग. सातव्या घरात, म्हणजे खुद्द बाबारावांच्या, कपाटामागे हात घालून ते बराच वेळ थांबले. मग विजयकुमारकडे पाहून म्हणाले, "बाबू, हात लाव. उलटा."

विजयकुमारनं लावला. त्यानंही मिलमध्ये उमेदवारी केली होती. त्याचा चेहरा बदलला. बोटानं त्यानं जरासं टोकरलं, तशी परातीएवढी सिमेंटची खपली सुटून खाली आली. आतल्या विटांना पांढरा खारट लोणा फुटला होता आणि पाणी घामासारखं ओघळत होतं.

ताराबाई म्हणाल्या, "मी सांगत होते यांना. माझ्या लुगड्यांना वास येतो म्हणून. हे म्हणे, नवं घर आहे, तसंच असतं."

"तू थांब गं," बाबाराव म्हणाले. मग एक नंबरमध्ये परत गेले, एकटेच, आणि आपला हात उलटा करून भिंतीला लावला. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. "रामाजी, ओली नाही. नुसती गार आहे."

"हो जी. गार येगळी, वली येगळी."

"वहिनी," बाबाराव म्हणाले, "आता काय करायचं, ते तुम्ही सांगा."

गयाबाईनं पदर डोक्यावर नीट केला. मनातल्या मनात तिनं देवाला हात जोडले; जिंकली म्हणून नाही, वेळेवर यजमानांना पुढे काढलं म्हणून. "खरवडा लागन," ती म्हणाली. "पुरं नाही, डोक्याच्या वर हातभर. झरोके खोला. एक उन्हाळा भिंतीले सुकू द्या. तोवर खड्डा आजच भरू. म्या एक डाव घाई केली, आता नाही करत."

"और साप?" विजयकुमारनं विचारलं, आणि स्वतःच हसला. "जाळी मी लावतो, काकू. नाप लेके प्लांटसे अच्छीवाली बनवाता हूँ."

तेजराम दारात उभा होता. त्यानं दोराचं वेटोळं एकदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मंग दादा, पडवी?"

"बैलं परत तिथंच बांध," रामाजी म्हणाले. "त्याइची जागा हाये ते."

तेजरामनं दोन दिवस राहून दोराचा उपयोग केलाच. क्वार्टरमधलं सामान बांधून एक नंबरमध्ये आणून टाकलं. पेरू आणता आला नाही. तुळस आणली.

पुढच्या वैशाखात बाबारावांच्या घरी पहिल्या गिलाव्याची तयारी सुरू झाली. लहानूला बैलगाडीत बसवून आणलं होतं. तो ओट्यावर बसून नुसता बोट दाखवायचा आणि ताराबाई पदर खोचून बेलफळं फोडायच्या. शिडीवर गयाबाई. खाली रामाजी, दर थोड्या वेळानं उघड्या विटांना हाताची पाठ लावून पाहत.

"अजून नाही," ते म्हणाले. "अजून आठ दिवस सुकू दे."

"राहू द्या," गयाबाई शिडीवरून उतरत म्हणाली. "आपल्याले आता कुठं जाचं हाये?"